उठबस आणि अंगकाठी



प्रत्येक कुटुंबात असे एखादे काका किंवा अशी एखादी आत्या असते, की पंगतीत चार पुरणपोळ्या तूप घालून खाल्ल्या तरी त्यांच्या अंगी काही लागत नाही. शेजारी बसलेला, मोजून दीड पोळी खाणारा भाचा मात्र वर्षागणिक पट्ट्याला नवे भोक पाडत असतो. अशा वेळी ‘त्यांची अंगकाठीच तशी’ असे म्हणून विषय संपवला जातो. हे उत्तर अगदीच चुकीचे नाही. शरीराच्या ठेवणीत अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून सिद्ध झालेले आहे. आपल्याकडे चरकाचार्यांनीही स्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन, गोड व जड पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्या जोडीला बीजस्वभावाचा स्पष्ट उल्लेख केलेला आहे. तेव्हा स्थूल माणसाला आळशी वा खादाड ठरवून त्याची थट्टा करण्याची जी खोड समाजात आहे, तिला शास्त्राचा आधार नाही. परंतु त्या काकांचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणी बारकाईने पाहिला, तर अंगकाठीपलीकडचेही काही हाती लागते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच पाहिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १६ व्यक्तींना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी अधिक खाऊ घालण्यात आल्या. व्यायाम कोणालाही वाढवू दिला नाही. खाणे सर्वांचे सारखेच वाढले, तरी कोणाच्या अंगावर जेमतेम पाव-अर्धा किलो चरबी चढली, तर कोणाच्या अंगावर चार किलोंहून अधिक. हा फरक पडला तो ज्याला कोणी व्यायाम म्हणणार नाही अशा हालचालींमुळे. उभे राहणे, येरझाऱ्या घालणे, बसल्या जागी चुळबुळ करणे, उठून पाणी आणणे, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत काहींच्या शरीराने जादाचे अन्न खर्ची टाकले होते. पुढे २००५ साली त्याच संशोधकांनी दहा सडपातळ आणि दहा स्थूल व्यक्तींच्या दिवसभरातील हालचाली यंत्राने मोजल्या. स्थूल व्यक्ती रोज सुमारे दोन तास अधिक बसून होत्या. या दोन तासांची किंमत दिवसाकाठी ३५० कॅलरींच्या आसपास भरत होती.

मराठीत या साऱ्याला एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे उठबस. दुर्दैवाने हा शब्द आता पाहुण्यांच्या सरबराईपुरताच उरला आहे.

उठबशीचा आणि आरोग्याचा संबंध त्याआधीही लक्षात आला होता. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर एक चालक आणि एक वाहक असे. दोघे एकाच आस्थापनेतील, जवळपास सारख्याच आर्थिक स्थितीतील. एक दिवसभर आसनावर बसलेला, दुसरा तिकिटे देत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी दाखवून दिले, की वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आहे. तीन वर्षांनी त्यांच्या चमूने एक गमतीची युक्ती योजली. या कर्मचाऱ्यांना पुरवल्या जाणाऱ्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर मोठी निघाली. चालकाची नोकरी पत्करणारा मुळातच अंगाने भरलेला असतो की काय, हा प्रश्न त्यातून निघालाच आणि मॉरिस यांनी तो टाळला नाही. तरी शिंप्याच्या टेपने जे सांगितले, ते पुढच्या अनेक अभ्यासांनी उचलून धरले.

याहून महत्त्वाचा दाखला भारतातलाच आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. १९५६ साली जीन मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी बंगालमधील एका ताग गिरणीच्या परिसरातील २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि काम यांची नोंद केली. त्यात ओझी वाहणारे हमाल होते, यंत्रावरचे कामगार होते, कारकून होते आणि गिरणीच्या आवारात दुकान मांडून दिवसभर बसून असणारे दुकानदारही होते. हलक्या कामापासून जड कामापर्यंत जावे तसे खाणे वाढत गेलेले दिसले, आणि ते स्वाभाविकच आहे. नवल होते ते दुसऱ्या टोकाला. जे जवळजवळ हलतच नव्हते, ते कमी खाण्याऐवजी अंगमेहनत करणाऱ्यांच्या बरोबरीने खात होते आणि वजनाने सर्वांत भारी होते. काम केले की भूक लागते हे खरे, पण काम अजिबात सुटले की भुकेचा काटाच बिघडतो, असे या गिरणीने दाखवले. संगणकासमोर दहा-दहा तास बसणाऱ्या आजच्या तरुणाला संध्याकाळी सहाला सामोसा का आठवतो, याचा थोडाफार उलगडा सत्तर वर्षांपूर्वीच्या या नोंदींतून होतो.

मध्यमवर्गीय मराठी घराची उठबस कशी कशी गेली, हे आठवून पाहण्यासारखे आहे. जमिनीवर मांडलेला पाट गेला आणि जेवणाचे टेबल आले. तेव्हा दिवसातून दोनदा मांडी घालून बसणे आणि हात न टेकता उठणे संपले. पाटा-वरवंटा गेला, मोरीवरचे धुणे गेले, केर-फरशीला बाई आली, वाण्याकडून पिशवी भरून आणण्याऐवजी सामान दाराशी येऊ लागले. दूरदर्शन संच बंद करायला निदान उठावे लागे, तेही रिमोटने वाचवले. यातील प्रत्येक सुधारणा स्वतंत्रपणे पाहिली तर स्वागतार्हच आहे. विशेषतः स्त्रियांच्या पाठीवरचा भार हलका झाला, याचे दुःख कोणी करू नये. पण या सगळ्यांतून जे कष्ट वजा झाले, त्यांची भरपाई सकाळच्या अर्ध्या तासाच्या फिरण्याने होते, ही समजूत भाबडी आहे. अर्धा तास चालून उरलेले पंधरा तास खुर्चीत काढणारा माणूस शरीराच्या हिशेबात बैठाच राहतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘पूर्वीची माणसे कशी काटक होती’ हे वाक्य सभा-समारंभांत फार सहज फेकले जाते. पूर्वीच्या काटकपणात सवयीचा भाग होता, तसा उपासमारीचाही होता. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसे सडपातळ होती, ती काही दिनचर्येच्या पुण्याईने नव्हे. त्या कृशतेचा गौरव करणे म्हणजे दारिद्र्याचा गौरव करणे होय.

आणि कृश दिसणारा प्रत्येक जण निरोगी असतो असेही नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये झळकले. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे दोघेही कागदावर सारखेच सडपातळ. प्रत्यक्षात शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. भारतीय शरीर स्नायूंनी कमी आणि पोटाच्या चरबीने अधिक असते. पुण्याजवळच्या गावांतील नवजात बालकांच्या अभ्यासात डॉ. याज्ञिक यांना हीच ठेवण जन्मापासून आढळली. इंग्रज बाळापेक्षा मराठी बाळ वजनाने पाऊण किलोच्या आसपास कमी, पण चरबी राखण्यात फारसे मागे नाही. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी वेगळे निकष ठरवले. निर्देशांक २३च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५च्या पुढे गेला की स्थूलता. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. घरातल्या शिलाई यंत्राच्या खणात पडलेली टेप यासाठी पुरेशी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि ३९.५ टक्क्यांचे पोट सुटलेले आहे.

आता ताटाकडे वळू. येथे मतभेद पुष्कळ आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे घरोघरी पोहोचवलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत एका बाजूला, तर थोडे थोडे वरचेवर खावे हा आग्रह दुसऱ्या बाजूला. या वादाने महाराष्ट्रातील अनेक घरांत सासू एका पक्षात आणि सून दुसऱ्या पक्षात अशी स्थिती आणली. मात्र पुडा फोडून अधूनमधून तोंडात टाकायच्या वस्तू दोन्ही पद्धतींत बसत नाहीत. लाभ बहुधा या सामाईक भागातच असावा. २०१९ साली अमेरिकेत डॉ. केव्हिन हॉल यांनी २० जणांना संस्थेत ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले. साखर, मीठ, स्निग्धांश, चोथा यांचे प्रमाण दोन्हीकडे जुळवलेले होते आणि खाण्यावर बंधन नव्हते. कारखान्याच्या अन्नावर तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी ९०० ग्रॅमने वाढली. ज्वारीची भाकरी चावावी लागते, उसळ चावावी लागते, काकडीची कोशिंबीर चावावी लागते. बिस्किट चहात बुडवले की ते चावण्यापूर्वीच संपते.

त्या चहाचाही हिशेब करावा. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरातील वरच्या साखरेची इष्ट मर्यादा सुमारे २५ ग्रॅम सांगितली आहे. ‘गोड खातच नाही’ असे सांगणारा गृहस्थ ही मर्यादा दुपारीच ओलांडतो. उपवासाविषयी तर बोलायलाच नको. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःच स्वतःवर रचलेली आहे. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि तूप यांच्या संगतीत पोटाला विश्रांती कुठून मिळणार? ज्यांनी उपवास लंघन म्हणून सांभाळला, ताकावर वा फळावर दिवस काढला, त्यांची गोष्ट निराळी. पोटाचे दोन भाग घन अन्नाने, एक भाग द्रवाने भरावा आणि चौथा मोकळा ठेवावा, हे वाग्भटाचे सांगणे वैद्यांच्या घराण्यांत अजून टिकून आहे. जपानच्या ओकिनावा बेटांवरही ऐंशी टक्के पोट भरले की थांबावे, अशी जुनी शिकवण आहे.

झोपेचा विचार या विषयात सहसा कोणी करत नाही. २०२२ साली शिकागो येथे साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या ८० व्यक्तींवर प्रयोग झाला. त्यांना आहाराचा कोणताही सल्ला दिला नाही, केवळ तासाभराने झोप वाढवली. झोप वाढलेल्यांचे खाणे न वाढलेल्यांच्या तुलनेत रोज सरासरी २७० कॅलरींनी कमी भरले. रात्री बाराला मालिका पाहत जो चिवडा संपतो, तो भुकेचा नसून जागरणाचा असतो.

वजन उतरवणारी इंजेक्शने २०२५ साली भारतात मोठ्या प्रमाणावर विक्रीस आली. गरजू रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली त्यांचा उपयोग आहे. परंतु अशा औषधाच्या एका प्रमुख अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. लग्नाच्या तारखेआधी चार महिने इंजेक्शन मागणाऱ्या वराला किंवा वधूला हे कोणी सांगत नाही.

शेवटी घरातील गृहिणीचा विषय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या आकडेवारीवरून केलेल्या अभ्यासात कंबरेच्या घेराच्या निकषावर ४० टक्के स्त्रियांमध्ये पोटाची स्थूलता आढळली. पुरुषांमध्ये ती १२ टक्के होती. याची कारणे अनेक आहेत आणि त्यांत बाळंतपणेही आली. पण एक कारण स्वयंपाकघरात रोज दिसते. ती सर्वांना वाढून शेवटी, तीन वाजता जेवते. तोवर चहावर असते. मग पातेल्यातला उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी आणि वाटीतली खीर ‘वाया जायला नको’ म्हणून तिच्याच पोटात जाते. स्वतःसाठी सकाळची वीस मिनिटे काढून सूर्यनमस्कार घालणे तिला चैन वाटते. कारण तेव्हाच सगळ्यांचे डबे भरायचे असतात. ज्या घरात सगळे एकाच पंगतीला बसतात, ताटे पुरुषही वाढतात आणि उरलेला भात झाकून सकाळी फोडणीचा होऊन चौघांत वाटला जातो, तेथे तिला एकच वेळचे जेवण जेवता येते आणि डबा भरणारे दुसरे दोन हात असल्याने सकाळची ती वीस मिनिटेही सापडतात.