आधी अंगण, मग पाटी

(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात बालवाडीच्या बाईंनी केलेले भाषण)

मंडळानं मला ‘लहान मुलांचा अभ्यास’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी खेळावर बोलणार आहे. चार वर्षांच्या पोराचा अभ्यास तोच असतो.

पोराला न्यायला आलात की तुम्ही आधी दप्तर उघडता. “बाई, आज काहीच लिहून घेतलं नाही?” एका वर्षी एका आईनं याच कारणावरून मुलगी काढून दुसरीकडं घातली. मी घाबरले. सकाळची लंगडी, पळापळी बंद केली आणि सगळ्यांच्या हातात पाट्या दिल्या. महिनाभरात काय दिसलं? पेन्सिल मुठीत आवळलेली, मान वाकडी, अर्ध्या तासात एकमेकांना चिमटे. चूक माझीच होती. पुन्हा सगळ्यांना बाहेर काढलं. खांद्यात, मनगटात आधी जोर यावा लागतो. बोटांची पाळी मागून येते. माती मळणारा, चेंडू झेलणारा हातच पेन्सिल नीट धरतो.

आम्ही बालवाडीच्या बायका भेटलो की खेळ हवा यावर कुणाचं दुमत नसतं. अडचणी मात्र निघतात. एकीकडं एकच खोली, तिथंच धान्याची पोती. दुसरीला गुडघा फुटल्यावरच्या भांडणाची धास्ती. आणि खरं सांगू? पोरं खेळताना बाई नुसत्या उभ्या दिसल्या, तर लोक काय म्हणतील, हीही भीती असतेच.

हे काही नवं खूळ नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथलं. १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाड्या देशभर झाल्या. आज कितींना अंगण आहे, तुम्हीच बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसाकाठी किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. सलग तासाभराहून जास्त त्याला जखडून ठेवू नये.

सदलग्यात आमच्या लहानपणी गल्लीच पुरायची. आता हंगामात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की पोराला उंबऱ्याबाहेर सोडायची सोय नाही. मग हातात मोबाईल येतो. वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कानडी. पहिले आठ दिवस पोरं एकमेकांकडं नुसती बघतात. शिवणापाणी सुरू झालं की नवव्या दिवशी कोण कुठल्या भाषेत ओरडतंय ते मलाच कळत नाही!

तेव्हा मंडळाकडं एकच मागणं. विसर्जनानंतर हा मांडव उतरेल आणि इथं पुन्हा मोटारसायकली, ट्रॅक्टर लागतील. रोज सकाळी दहा ते अकरा एवढी जागा आम्हाला मोकळी द्या. आणि मांडव सोडताना खिळे तेवढे वेचून घ्या, पोरं अनवाणी पळतात.