दारातला ताम्हण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. परंतु दारातल्या झाडाविषयी बोलाच, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे.

ताम्हण म्हटले की आपल्याला पूजेतले आठवते. मी सांगते ते झाड. कोकणात माझ्या माहेरी ते पऱ्ह्याच्या काठी आपोआप वाढते. त्याचे जांभळे फूल हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे.

२०१० च्या थंडीत माहेराहून येताना मी त्याची उकललेली बोंडे पिशवीत घालून आणली. बोंड लाकडासारखे टणक, आतले बी चपटे आणि त्याला एका बाजूस पातळ पंख. खोक्यात माती व शेणखत घालून चाळीस बिया टाकल्या, त्यांतल्या नऊ उगवल्या. पुढल्या पावसाळ्यात त्यांतले एक रोप कुंपणाशी लावले. या झाडाला पाणी प्रिय, म्हणून मोरीचे पाणी तिकडे वळवून दिले.

सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हते. "फळ नाही, वास नाही, देवाला कोणी वाहत नाही. अंगण कशाला अडवतेस गं?" असे त्या रोज म्हणत. पण उन्हाळ्यात दुपारी तांब्याभर पाणी त्याच्या बुडाशी कोण ओतून येते, ते मला ठाऊक होते. मी काही बोलले नाही.

२०१६ च्या मे महिन्यात पहिला तुरा आला. पाकळ्या चुणीदार, जणू इस्त्री न केलेले रेशीम, आणि मध्ये पिवळे केसर. पहाटे सासूबाईंनीच मला हाक मारून उठवले. "अगं, तुझे ताम्हण फुलले!" त्या वर्षापासून त्यांची खाट खिडकीशी आली.

आता माझी चूक सांगते. झाड मी नेमके विजेच्या तारांखाली लावले होते. २०१९ च्या एप्रिलात फांद्या तोडायला माणसे आली. मी म्हटले, "दादा, महिनाभर थांबा." त्यांचेही बरोबर होते, पावसाआधी तारा मोकळ्या करायच्या होत्या. या झाडाला फूल येते ते नव्या फांदीच्या शेंड्यावर. कळ्यांसकट शेंडे गेले. त्या उन्हाळ्यात एकही फूल आले नाही. सासूबाई खिडकीतून बघत आणि विचारीत, "यंदा उशीर झाला का गं?" मी "हो" म्हणत असे. आषाढात त्या गेल्या.

म्हणून सांगते, जागा निवडताना आधी मान वर करून बघावे. छाटायचेच तर थंडी सरता सरता, नवी पालवी फुटण्यापूर्वी छाटावे. तारांकडच्या फांद्या आता दर वर्षी आमच्या घरचेच माघात काढतात, आणि झाड वैशाखात फुलते.

गेल्या हंगामातल्या बियांची अकरा रोपे माझ्या ओट्यावर तयार आहेत. ज्यांना हवी त्यांनी पाऊस लागला की न्यावीत. मात्र कुठे लावणार ती जागा मी आधी येऊन पाहीन.