पंच नसलेला खेळ

(स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय सर, बाई आणि आज मुद्दाम पहिल्या रांगेत येऊन बसलेल्या मागच्या बाकावरच्या मित्रांनो,

"हल्ली काय करतोस ते पाच मिनिटांत सांग," असा हुकूम आहे. नोकरीत सांगण्यासारखं काही नाही. पण पहाटे सहाला मी पुण्यात सहकारनगरच्या एका मैदानावर असतो आणि कॉलेजातल्या चौदा मुलामुलींकडून फ्रिसबीचा सराव करून घेतो. हसू नका! चकती तीच, पण खेळाचं नाव अल्टिमेट. लेकीला त्याचा नाद लागला, मी पाण्याच्या बाटल्या वाहायला जायचो. शिकवणारा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं. त्याला सहा वर्षं झाली.

खेळ थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे सात-सात जण, मुलं-मुली एकत्र. मैदान 100 मीटर लांब, दोन्ही टोकांना 18 मीटरचा पट्टा. त्या पट्ट्यात चकती झेलली की गुण. चकती हातात असताना धावायचं नाही, दहा सेकंदांत ती दुसऱ्याकडे टाकायची, जमिनीवर पडली की समोरच्यांची. 1968 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कोलंबिया हायस्कूलच्या मुलांनी हा खेळ काढला. त्यांच्यातला एक, जोएल सिल्व्हर, पुढे 'द मेट्रिक्स' सिनेमाचा निर्माता झाला. शाळेतल्या उचापतखोर पोरांचं पुढे बरं होतं, हे बाईंनी लक्षात घ्यावं.

दोन आठवड्यांनी आमची स्पर्धा आहे. एका दिवसात चार सामने, तेही उन्हात. म्हणून सध्या रोज दोन गोष्टी घोटून घेतो. पहिली वाऱ्यातली फेक. 175 ग्रॅमची चकती वारा कुठेही नेतो. वर चढली की संपलंच, म्हणून ती कमरेखालून, मनगटाचा जोरदार झटका देऊन सपाट सोडायची. शंभर फेका उजवीकडून, शंभर डावीकडून. मुलं कंटाळतात, मी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट अवघड आहे. या खेळात पंच नसतो. धक्का लागला, तर ज्याला लागला त्यानं "फाउल" म्हणायचं आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. समोरच्याला पटलं तर त्यानं मान्य करायचं. नाही पटलं तर दोघांनी आपापली बाजू थोडक्यात मांडायची, आणि तरीही जुळलं नाही तर चकती फेकणाऱ्याकडे परत जाते आणि खेळ पुढे चालू. सामना संपल्यावर प्रत्येक संघ समोरच्या संघाला वागणुकीचे गुण देतो. त्यासाठीही वेगळं बक्षीस असतं.

वाचायला सोपं आहे. आमच्यातली एक मुलगी तोंडच उघडत नाही, कोपर लागून ओठ फुटला तरी "असू दे काका" म्हणते. एक मुलगा वाऱ्याचा धक्का लागला तरी फाउल ओरडतो. म्हणून सरावात मी त्या दोघांना एकमेकांसमोर उभं करतो. तिनं रोज निदान एकदा तरी बोलायचं आणि त्यानं रोज निदान एकदा "हो, माझं चुकलं" म्हणायचं. पहिल्या आठवड्यात दोघंही माझ्यावर रुसले होते. परवा ती चक्क त्याच्यावर ओरडली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी तिनं विचारलं, "काका, समोरचे खोटं बोलले तर?" म्हटलं, चकती मागे जाईल, पुन्हा खेळायचं. "आणि आपण खोटं बोललो तर?"

मला उत्तर देता आलं नाही. चपलेचा पट्टा नीट करत बसलो.

नववीतला आंतरशालेय कबड्डीचा अंतिम सामना तुम्हाला आठवतो. शेवटच्या चढाईत मी गडी टिपून आलो आणि आपण एका गुणानं जिंकलो. तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. परतताना माझा डावा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला होता. पंचांची नजर मध्यरेषेवर होती. त्यांच्या कोपऱ्यातला एक किडकिडीत मुलगा "बाहेर गेला, बाहेर गेला" म्हणून ओरडत होता, शेवटी रडायला लागला. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर करून नाचत होतो.

सर, तुम्ही त्या रात्री सगळ्यांना भजी खायला घातलीत. एवढ्या वर्षांत तुम्हाला हे सांगायचं धाडस झालं नाही, आज माइक हातात आहे म्हणून सांगतो. त्या मुलाचं नावही मला माहीत नाही. त्या संघातलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर जेवणाच्या वेळी मला सांगा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरांना हा सगळा किस्सा सांगितला. फाउल ओरडणारा तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मग ती ढाल कुठंय?" मी म्हटलं, शाळेच्या कपाटात असेल. यावर काय करायचं ते सरांनी ठरवावं.

पुण्यात असाल त्यांनी स्पर्धेला जरूर या. पहिला सामना सकाळी सातला आहे. सर, तुमच्यासाठी सावलीत खुर्ची ठेवतो, शिट्टी मात्र आणू नका. बाकीच्यांनी येताना केळी आणा. चौदा जणांना दोन डझन पुरत नाहीत, हा सहा वर्षांचा अनुभव आहे.