कलम ३५६ आणि सत्तेचा संयम
(एका व्याख्यानाचा संपादित सारांश)



राष्ट्र एकसंध राहावे ही इच्छा आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे की, 'राज्यांचे अधिकार' हे शब्द कानी पडताच काहींच्या कपाळावर आठी उमटते. म्हणूनच या विषयाचा शांतपणे विचार व्हायला हवा.

घटनेच्या पहिल्याच कलमात भारताला 'राज्यांचा संघ' म्हटले आहे. हा संघ राज्यांच्या आपापसांतील करारातून जन्मलेला नाही. त्यामुळे फुटून निघण्याचा अधिकार कोणत्याही राज्यास नाही. परंतु सातव्या परिशिष्टाने पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती हे विषय राज्यांकडे सोपविले आहेत. राज्य सरकारही जनतेच्याच मतांवर उभे असते.

या व्यवस्थेतील तीक्ष्ण शस्त्र म्हणजे कलम ३५६. त्याचा वापर करण्याची वेळच येऊ नये, अशी अपेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत व्यक्त केली होती. घडले मात्र विपरीत. १९५९ मध्ये केरळमधील नंबुद्रीपाद सरकार बरखास्त झाले. १९७७ मध्ये जनता राजवटीने नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारे घालविली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी नऊ राज्यांत त्याचीच परतफेड केली. महाराष्ट्रातील शरद पवार यांचे पुलोद सरकार त्यातच गेले.

या मनमानीला वेसण घातली ती १९९४ च्या बोम्मई निकालाने. बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, विधानसभेत व्हावी आणि राष्ट्रपती राजवटीची घोषणा न्यायालयात तपासता यावी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले. याच निकालाने १९९२ मधील मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेशातील भाजप सरकारांची बरखास्ती वैध ठरविली. तो भाग आपल्याला रुचला नाही; तरीही त्या निकालाने आखलेली मर्यादा सर्वांच्याच हिताची आहे.

याचा प्रत्यय लवकरच आला. १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशातील कल्याणसिंह सरकार हटविण्याची शिफारस केली. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठविली आणि आपण समाधान व्यक्त केले. पुढच्याच वर्षी बिहारबाबतची वाजपेयी सरकारची शिफारसही त्यांनी तशीच परत पाठविली. पहिल्या वेळी जो विवेक आपल्याला भावला, तोच दुसऱ्या वेळी खटकावा काय? २०१६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील काँग्रेस सरकार न्यायालयाने पुनःस्थापित केले, तेव्हाही हाच प्रश्न आपल्यापुढे होता.

बळकट केंद्र हवेच. सीमा, संरक्षण, चलन यांत दुबळेपणा परवडणार नाही. पण केंद्राचे बळ राज्यांच्या विश्वासावर उभे राहते. दिल्लीत आज एक पक्ष असेल, उद्या दुसरा. आपला पक्ष विरोधात असताना जो नियम आपण मागतो, तोच सत्तेत असताना पाळणे, हीच राष्ट्रनिष्ठेची खरी कसोटी आहे.