शिलाँगची गिटार

ईशान्येतल्या पोस्टिंगनं मला दोन गोष्टी दिल्या: गुडघेदुखी आणि ब्लूज. शिलाँगच्या रूडी वॉलांगची गिटार मी तिथेच पहिल्यांदा ऐकली. गायिका टिप्रिती खारबांगरबरोबर त्यांनी २००३ मध्ये ‘सोलमेट’ सुरू केला. ‘शिलाँग’, ‘मूव्हिंग ऑन’, ‘टेन स्टोरीज अप’ हे त्यांचे अल्बम. गाणी स्वतःची, सिनेमाचा आधार नाही. २००७ मध्ये मेम्फिसच्या इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंजमध्येही ते वाजवून आले.

रूडी सूर ताणून धरतात, मग थांबतात. मींड ऐकलेल्या आपल्या कानांना ते परकं वाटत नाही. वेग दाखवायची घाई नाही. दुःखसुद्धा शिस्तीत येतं.

त्याच काळात माझ्या मुलानं गिटार मागितली होती. मी म्हणालो, “आधी एसएसबी.” त्यानं पुन्हा कधीच मागितली नाही. स्वतः मात्र मी रात्री हेच अल्बम ऐकत होतो!

गेल्या दिवाळीत पस्तिशीतल्या त्या मुलाला मी गिटार आणून दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, “बाबा, तुमच्याकडचा तो शिलाँगवाला अल्बम लावा.”

तुमच्या घरात कुणी गिटार मागत असेल, तर हुकूम सोडण्याआधी एक अल्बम पूर्ण ऐका. जय हिंद.