आधी थांबवायला शिका : घरच्या घरी वेगवान गाडी सांभाळताना

(युवा शिबिरातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



विषय जाहीर झाला तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी विचारलं की समाजप्रबोधनाच्या शिबिरात स्पोर्ट्स कारचं काय काम? मी त्यांना म्हटलं, इथं बसलेल्या मुलांपैकी निम्मी गॅरेजमध्ये काम करतात किंवा ज्यांचे भाऊ, मामा गॅरेजमध्ये आहेत अशी आहेत. आपल्याला 'पंक्चरवाले' म्हणून हिणवलं जातं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या शब्दाची लाज वाटत नाही. पंक्चर काढणं हे कष्टाचं आणि गरजेचं काम आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हातात इतकं कौशल्य असूनही आपण ते मोजत नाही, लिहून ठेवत नाही.

एकच गाडी उदाहरण म्हणून घेतो. स्कोडा ऑक्टाविया व्हीआरएस, २०१७ साली भारतात आलेली. ऑक्टाविया आपल्याला परकी नाही. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून तिची जुळणी सुरू झाली. दिसायला चार दारांची घरगुती गाडी, पण या व्हीआरएसमध्ये दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. आता या गाड्या सेकंडहँड मिळतात, वॉरंटी संपलेल्या. मग हौशी मालक सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच पाना हातात घेतो, किंवा रविवारी ओळखीच्या मेकॅनिक पोराला बोलावतो. मला हे आवडतं. आपली वस्तू आपण उघडून बघावी, समजून घ्यावी. फक्त एक लक्षात ठेवा. ज्या क्षणी तुम्ही घरी बोल्ट सैल केला, त्या क्षणी कंपनीचा तपासनीस तुमच्यामागे उभा नसतो. तपासनीसही तुम्हीच.

चाकापासून सुरू करू. या गाडीच्या चाकाचा बोल्ट १२० न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो. म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साधारण २४ किलो वजनाचा जोर. आपल्याकडे काय करतात? टामी लावतात आणि वर उभे राहतात. सत्तर किलोचा माणूस त्या टोकावर उभा राहिला की जोर होतो जवळजवळ ३४० न्यूटन-मीटर, हव्या त्याच्या तिपटीच्या घरात. बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंगच असतो. ठरावीक ताण दिला की तो चाक धरून ठेवतो. मर्यादेपलीकडे ताणला की कायमचा लांबतो, मग पकड जाते. वरून तो घट्टच दिसतो, हीच त्यातली मेख. काही बोल्ट तर मुद्दाम ताणून, ठरावीक अंशात फिरवून बसवायचे असतात. असे बोल्ट बऱ्याचदा एकदाच वापरायचे असतात, आणि कोणते ते मॅन्युअल सांगतं. जुना पुसून परत बसवला तर पैसे वाचतात, जीव वाचेल याची खात्री नाही.

उस्ताद सांगतात, 'हाताला कळतं.' मी उस्तादांचा आदर करतो. त्यांच्या कानाला टॅपेटचा आवाज कळतो, नाकाला क्लच जळाल्याचा वास कळतो, ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही. पण १२० आणि १७० मधला फरक उपाशी हाताला वेगळा लागतो आणि संध्याकाळी थकलेल्या हाताला वेगळा. म्हणून टॉर्क पाना घ्या. तो वापरला म्हणून उस्तादाचा अपमान होत नाही.

गाडीखाली जाण्याबद्दल थोडक्यात, कारण यात वाद नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. सपाट, पक्की जमीन, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, कंपनीने दाखवलेल्या जागेखाली दोन घोड्या, आणि आत जाण्याआधी गाडी हलवून बघायची.

आता गिअरबॉक्स. या गाडीत सहा गिअरचा डीएसजी आहे. त्याचे दोन क्लच तेलात बुडालेले असतात. ते तेल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. पातळी तपासताना गाडी समतल, इंजिन चालू, आणि तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंश सेल्सियस. तेल तापलं की फुगतं, म्हणून गरम गिअरबॉक्सवर मोजलं तर कमी असूनही पुरेसं वाटतं. हे तापमान स्कॅनरवर दिसतं, बोटाने कळत नाही. आता मला सांगा, दहावी नापास म्हणून ज्या मुलाला घरी बोलणी बसतात, तो जर हे काम नीट करत असेल तर त्याला अडाणी कोण म्हणेल? मात्र त्याने वही ठेवली पाहिजे. तारीख, किलोमीटर, कोणतं तेल, किती निघालं, किती घातलं. निघालेलं तेल गटारात ओतायचं नाही. वापरलेलं इंजिन ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठवा, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या. आपल्याच वस्तीचा नाला आहे तो.

आणि आता ज्यासाठी तुम्ही खरं म्हणजे थांबला आहात ते, मॉडिफिकेशन.

बहुतेक जण सुरुवात करतात ती रीमॅपने. लॅपटॉप जोडायचा, इंजिनच्या संगणकातले आकडे बदलायचे, टर्बोचा दाब वाढवायचा. तासाभरात गाडी वेगळीच पळते. एक बोल्टही न उघडता! पण इंजिनला जास्त दाबाबरोबर चांगलं इंधनही लागतं. आपल्याकडे २०२० मध्ये साध्या पंपावर ९१ ऑक्टेन मिळायचं, काही ठिकाणी ९५, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून मोजक्या शहरांत १०० मिळू लागलं. चांगल्या पेट्रोलसाठी बनवलेला मॅप साध्या पेट्रोलवर चालवला की मिश्रण वेळेआधी, स्वतःहून पेटतं. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. सेन्सर ते ओळखून ठिणगी उशिरा देतो, पण तो किती दिवस सांभाळून घेणार? पिस्टन शेवटी ॲल्युमिनियमचाच आहे.

माझा क्रम उलटा आहे. आधी सगळी राहिलेली दुरुस्ती, मग टायर, मग ब्रेक, आणि ताकद सर्वांत शेवटी. कारण साधं गणित आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १०० ऐवजी १४० वर असाल तर ब्रेकना जवळपास दुप्पट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपला पावसाळा तर चार महिन्यांचा. मानकाप्रमाणे कोरं डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत येते. ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल थेट खाली. घाटात हे झालं तर इंजिन २३० चं होतं की ३०० चं, याला काही अर्थ उरत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायला फार पैसे लागत नाहीत. पण त्याचा व्हिडिओ काढून कुणी टाकत नाही, म्हणून ते राहून जातं.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सायलेन्सर कापून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणारे म्हणतात, 'पोलिसांना देऊन टाकू.' त्यांना मी विचारतो, रात्री साडेअकराला त्या आवाजाने दचकून उठलेल्या आजारी माणसाला काय देणार? त्या धुरात झोपणाऱ्या लेकराला? तुमच्या हौशीला त्यांची संमती कुणी घेतली होती?

वेगाची हौस असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरला कारी आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध, असे ट्रॅक आहेत. लांब आहेत, खर्चिक आहेत, मान्य. तिथं हेल्मेट आहे, मार्शल आहेत, आणि समोरून भाजी आणायला निघालेली कुणाची आई येत नाही.

आता बोलणं पुरे. खाली अंगणात गाडी उभी आहे, दोन घोड्या आणि टॉर्क पाना ठेवला आहे. सहा-सहाच्या गटाने या, मुलींचा गट आधी. अंगठ्या आणि घड्याळं काढून ठेवा, ओढणी नीट खोचून घ्या, आणि प्रत्येक गटात एकाने वही-पेन आणायचं आहे.