पाय जमिनीला लागण्याआधी

अकोल्याच्या या वकील परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी थेट विषयाकडे येतो.

8 जुलै 1910 रोजी मार्सेय बंदरात सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून घेतलेली उडी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. वकिलांनी पाहायचे ते त्यापुढचे. पोहत ते धक्क्याला लागले, फ्रान्सच्या भूमीवर धावले, आणि तरीही एका फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून बोटीवर परत पोचवले. ब्रिटन आणि फ्रान्समधला हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. 24 फेब्रुवारी 1911 चा निकाल असा, की कैदी ताब्यात देताना अनियमितता झाली, पण त्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. तोवर मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा झाल्याही होत्या. ज्याच्या जिवाचा प्रश्न, तो माणूस लवादापुढे पक्षकारच नव्हता! सावरकरांच्या राजकारणाविषयी या सभागृहात चार मते असतील; या निकालाने वकिलाला अस्वस्थ करावे, याविषयी दुमत नसावे.

त्यांचे पाय निदान जमिनीला लागले होते. आज आश्रय शोधणाऱ्याला तेवढेही अवघड आहे: बहुतेक देशांत आश्रयाचा अर्ज तिथे पोचल्यावरच घेतात. पोचायला व्हिसा लागतो, आणि व्हिसाचा अधिकारी विचारतो, परत कधी जाणार? खरे सांगितले की व्हिसा गेला. व्हिसाविना प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून तीही त्याला चढू देत नाही. मग उरते दलालाची होडी.

अलेप्पोचे एक कुटुंब तीन लहान मुलांना घेऊन 2016 मध्ये बैरूतच्या बेल्जियन वकिलातीत गेले. व्हिसा द्या, बेल्जियमला पोचून आश्रय मागू, असे त्यांनी काहीही न लपवता सांगितले. नकार मिळाला. मार्च 2017 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने म्हटले, की असा व्हिसा देण्याचे बंधन संघाच्या कायद्यात नाही. सरळ दारातून मागणाऱ्याला परतवायचे आणि जीव धोक्यात घालून पोचलेल्याचेच ऐकायचे, ही रीत मला अन्यायाची वाटते.

दुसरी रीत आपल्या महाराष्ट्रानेच पाहिली आहे. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणात आलेल्या पोलिश बायामुलांसाठी 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणी उभी राहिली. सुमारे 5000 माणसे तिथे राहिली. शाळा, चर्च, सगळे उभे केले. त्यांच्यासाठी जागा आधी ठरली, मग त्यांना आणले गेले.

भारताने 1951 चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही. शशी थरूर यांनी 2015 मध्ये आश्रयाविषयी खासगी विधेयक मांडले, त्याचा कायदा झाला नाही. हाती आहे जगण्याचा हक्क देणारे घटनेचे कलम 21. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही दिले. पण तेही इथे पोचलेल्यांना. ज्या शहराने फाळणीनंतर सिंधी कॅम्प वसताना पाहिला, तिथल्या वकिलांनी न पोचलेल्यांचा विचार करायला हवा.

म्हणून दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. आश्रयाचा अर्ज परदेशातल्या भारतीय वकिलातीत घेतला जावा, आणि प्रथमदर्शनी धोका दिसल्यास सुनावणीसाठी भारतात येण्याचा व्हिसा मिळावा, अशी त्यात मागणी आहे. नकार लेखी व सकारण असावा आणि त्यावर अपील असावे, हेही त्यात आहे. मसुद्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. कलमवार हरकती घेऊन या.